जुनी गाडी : कोणतं काम घरी, कोणतं मिस्त्रीकडं?

प्रश्न : आमच्याकडं २००४ सालचा टाटा ४०७ आहे. कांदा आणि डाळिंब सोलापूरच्या मार्केट यार्डात न्यायचं, येताना खत-पेंड आणायची, एवढंच काम. पण वर्षभरात गॅरेजचं बिल इतकं झालं की भाड्याची गाडी परवडली असती. ट्रॅक्टरचं ऑइल, फिल्टर, क्लचची सेटिंग मी स्वतः करतो. सध्याच्या तक्रारी अशा : सकाळी चार-पाच वेळा सेल्फ मारल्याशिवाय सुरू होत नाही, चढाला काळा धूर सोडते, ब्रेकचं पेडल दोनदा मारावं लागतं, आणि मे महिन्यात माल घेऊन तुळजापूरचा घाट चढताना पाणी उकळलं. यातलं किती काम घरी होईल? की गाडी विकून टाकू?
– एक शेतकरी वाचक, ता. मोहोळ

उत्तर : विकायचं आत्ताच ठरवू नका. तुम्ही लिहिलेल्या चारही तक्रारींची तपासणी घरी होते, आणि निम्म्याअधिक दुरुस्तीही. मात्र घरी काय करायचं हे काम सोपं की अवघड यावरून ठरवू नका. दोन गोष्टी बघा. काम चुकलं तर गाडी फक्त उभी राहील, की थांबायला हवी तिथं थांबणार नाही? आणि काम बरोबर झालं हे तुम्हाला मोजून कळणार आहे, की नुसतं वाटणार आहे? क्लच प्लेट बदलणं अंगमेहनतीचं काम. पण प्लेट उलटी बसली तर गिअर पडत नाही आणि चूक अंगणातच कळते. चाकातले ब्रेकचे शू ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरचं रबर बदलणं हलकं काम. पण रबर उलटं बसलं तर रिकाम्या गाडीत कदाचित काहीच जाणवणार नाही, माल भरून उताराला लागल्यावर जाणवेल. म्हणून आमच्या मते पहिलं काम घरी शिकण्याजोगं आणि दुसरं जाणत्या माणसाकडून करून घेण्याजोगं.

आता एकेक तक्रार. सकाळी सेल्फ जड फिरतो की जोरात फिरूनही इंजिन पकडत नाही, हे आधी ठरवा. जड फिरत असेल तर मल्टिमीटर लावा. रात्रभर उभ्या गाडीची चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे निम्मी उतरलेली. मग मीटरची एक तार बॅटरीच्या प्लस खुंटीवर, दुसरी सेल्फच्या जाड बोल्टवर धरा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. मीटर अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर दोष बॅटरीत नाही, केबलच्या टोकाच्या कडीत (लगमध्ये) किंवा जोडात आहे. हीच चाचणी मायनस खुंटी आणि इंजिनाच्या अंगावर घ्या. इंजिन ते चासीची अर्थिंग पट्टी जुन्या गाडीत गंजलेली असतेच, आणि तिच्यामुळं नव्या बॅटऱ्या उगाच विकत घेतल्या जातात. केबल काढताना मायनस आधी काढा, लावताना शेवटी लावा.

सेल्फ जोरात फिरूनही वेळ लागत असेल तर रात्रीतून डिझेल टाकीकडं परत जात असण्याची शक्यता जास्त. पडताळा सोपा आहे. सकाळी सेल्फ मारण्याआधी, टाकीतून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपावरचा हातपंप दाबून बघा. पंधरा-वीस दट्टे मोकळे जाऊन मग तो घट्ट लागला आणि गाडी पहिल्या सेल्फला सुरू झाली, तर दोष सापडलाच. टाकी ते फीड पंप ही ओढीची बाजू आहे. तिथं भेग असली तरी डिझेल बाहेर ठिबकत नाही, उलट हवा आत ओढली जाते. म्हणून वरून सगळं कोरडं दिसतं आणि माणूस नोजलकडं दाबानं डिझेल सोडणाऱ्या इंजेक्शन पंपावर संशय घेतो. रबरी पाइप, बँजो बोल्टच्या (पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टच्या) दोन्ही बाजूंचे तांब्याचे वॉशर आणि गाळणीच्या वाटीचं रबर बदला. वॉशर दरवेळी नवेच घ्या, दाबलेला वॉशर पुन्हा नीट बसत नाही. तरीही हवा येत असेल तर फीड पंपाच्या आधी हातभर पारदर्शक पाइप जोडून इंजिन चालू ठेवा. बुडबुडे दिसले तर दोष त्याच्या मागे टाकीकडच्या बाजूला आहे. बुडबुडे नसतील तर फीड पंपाचे व्हॉल्व्ह बघा.

हवा काढताना फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप मारा, फेस जाऊन एकसंध धार आली की स्क्रू कसा, मग तसाच इंजेक्शन पंपावरचा स्क्रू. त्यानंतरही इंजिन पकडत नसेल तर नोजलच्या (इंजिनात डिझेल फवारणाऱ्या तोट्यांच्या) पाइपांचे नट थोडे सैल करून सेल्फ मारा. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांच्या वर नको, मध्ये मिनिटभर विश्रांती द्या. इथं एक गोष्ट काटेकोर पाळा : नोजलच्या पाइपाची गळती कधीही बोटानं शोधू नका. त्या दाबाची धार कातडीतून आत जाते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, पण बोट गमवायची वेळ येऊ शकते. असं झालं तर घरगुती उपाय न करता त्याच तासात दवाखाना गाठा, आणि डिझेल दाबानं आत गेलंय हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानानं हवा कमी. आपल्याकडं उसाच्या फडातले आणि वाडी-वस्तीचे रस्ते असे की एअर फिल्टर आठवड्याला उघडावा लागतो. तुमच्या गाडीला ऑइलची वाटी असलेला फिल्टर असेल तर वाटीतला गाळ काढून, वाटी डिझेलनं धुऊन, इंजिन ऑइल खुणेपर्यंतच भरा. खुणेच्या वर भरलेलं ऑइल आत ओढलं जातं, इंजिन तेच जाळून पळू लागतं आणि चावी बंद केली तरी थांबत नाही. कागदी फिल्टर असेल तर आतून बाहेर, दोन बारच्या आतली हवा मारा. आपटून साफ केलेला फिल्टर कडेनं फाटतो. फिल्टर ते मॅनिफोल्ड (सिलिंडरांना हवा वाटणारा भाग) या पाइपाचे क्लॅम्प आवळलेले आहेत ना, हे प्रत्येक वेळी बघा. तिथून गेलेली धूळ पिस्टनच्या रिंगा आणि बोअर (सिलिंडरची आतली भिंत) खाते, आणि जुन्या गाडीचं इंजिन उतरायची वेळ बहुतेक त्यामुळंच येते.

फिल्टर साफ असूनही धूर असेल तर नोजल काढून पंप-नोजलच्या कारखान्यात तपासायला द्या. नोजल काढणं घरी होतं : आधी भोवतालची धूळ साफ करा, पाइपांची तोंडं स्वच्छ टोप्यांनी झाका, आणि खालचा तांब्याचा वॉशर भोकातच चिकटून राहिला नाही ना ते बघा. जुन्यावर नवा वॉशर बसला तर नोजल वर राहतं आणि फवारा चुकीच्या जागी पडतो. नोजलचा दाब मात्र कारखान्यातल्या तपासणीच्या बेंचवरच लावता येतो. आणि इंजेक्शन पंपाचं सील तोडून 'जोर वाढवायला' डिझेल वाढवू नका. तुमची गाडी आधीच काळा धूर सोडते आहे. जास्त डिझेलनं जोर येणार नाही, पिस्टन मात्र तापेल.

ब्रेक. ही तक्रार आम्ही पहिल्या क्रमांकाची मानतो, आणि ती निवारेपर्यंत गाडी मालाला लावू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. दुसऱ्या दट्ट्याला पेडल वर येऊन टणक लागत असेल तर शू (ब्रेक दाबल्यावर घासणारा भाग) आणि ड्रम (चाकाबरोबर फिरणारं भांडं) यांच्यातली फट वाढली आहे. पेडल स्पंजासारखं लागत असेल तर लाइनमध्ये हवा आहे. पाय दाबून धरल्यावर पेडल हळूहळू खाली जात असेल तर मास्टर सिलिंडरचं (पेडलनं ब्रेक ऑइल ढकलणाऱ्या सिलिंडरचं) रबर गेलंय किंवा कुठं तरी गळती आहे. पहिल्या कारणाची सेटिंग, एकदा मिस्त्रीच्या शेजारी बसून शिकलात तर, घरी करू शकता : चाक उचलून शू ड्रमला लागेपर्यंत अॅडजस्टर फिरवा, मग चाक मोकळं फिरेल इतकाच मागे घ्या. हवा काढणंही दोन माणसांत होतं. मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या मागच्या चाकापासून सुरुवात करा आणि ब्रेक ऑइलच्या टाकीतलं ऑइल संपू देऊ नका.

ब्रेक ऑइल डबीवर डॉट ३ किंवा कंपनीनं सांगितलेल्या दर्जाचंच घ्या, आणि उघडी राहिलेली डबी वापरू नका. हे ऑइल हवेतलं पाणी शोषतं. नव्या डॉट ३ चा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश असतो, पाणी शोषल्यावर तो १४० च्या आसपास उतरू शकतो. उतारावर सतत ब्रेक दाबला की ते उकळतं, लाइनमध्ये वाफ होते आणि पेडल थेट खाली जातं. दर दोन वर्षांनी सगळं ऑइल बदला. त्यात इंजिन ऑइलचा थेंबही गेला तर सगळी रबरं फुगतात. मास्टर सिलिंडर आणि व्हील सिलिंडरचं किट मात्र मिस्त्रीकडूनच टाकून घ्या. शूवरचे तेलकट झालेले लायनर पेट्रोलनं धुऊन किंवा जाळून परत बसवत असतील तर नको म्हणा. लायनर बदला, आणि एका एक्सलच्या दोन्ही बाजूंचे बदला. एकाच बाजूचे बदलले तर ब्रेकला गाडी ओढते. जुन्या लायनरच्या धुळीत अॅस्बेस्टॉस असू शकतं, ती हवा मारून उडवू नका, ओल्या फडक्यानं पुसा.

पाणी उकळण्याचं मूळ बहुतेक वेळा बोअरवेलच्या जड पाण्यात असतं. त्याचे क्षार रेडिएटरच्या नळ्यांत आणि इंजिनाच्या जॅकेटमध्ये (पाणी फिरायच्या पोकळीत) बसतात. रेडिएटर उतरवून सफाईला द्या, भरताना शुद्ध पाणी आणि कूलंट निम्मं-निम्मं भरा, पाचट-धुळीनं बुजलेल्या जाळ्या इंजिनाच्या बाजूनं पाणी मारून मोकळ्या करा. फॅन बेल्ट मधोमध अंगठ्यानं दाबल्यावर साधारण १० ते १५ मिलिमीटर दबावा. रेडिएटरचं झाकण दाब धरत नसेल तर पाणी लवकर उकळतं, त्यामुळं झाकण बदलून बघणं हा सर्वांत स्वस्त प्रयोग. थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर उघडणारा पाण्याचा व्हॉल्व्ह) काढून टाकायचा सल्ला कुणी देईल, तो ऐकू नका. खराब असेल तर नवा बसवा. हे सगळं करूनही गरम होत असेल तर थंड इंजिनाचं झाकण उघडून गाडी सुरू करा. रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येत असतील तर हेड पॅकिंग गेलंय. मग हेड उतरवून प्लेनिंगला (बूड सपाट करून घ्यायला) न्यावं लागेल, आणि नट मधून बाहेर, तीन टप्प्यांत, टॉर्क पान्यानं (ठरलेल्या जोरानं कसणाऱ्या पान्यानं) कसावे लागतील. टॉर्क पाना नसेल तर हे काम घरी घेऊ नका.

खर्चाचा हिशेब करताना गॅरेजचं बिल एका बाजूला ठेवा आणि गाडी उभी राहिलेले दिवस दुसऱ्या बाजूला. दोन दिवसांचं काम घरी आठवडाभर चाललं आणि त्यात ऐन भावाचा बाजार चुकला, तर मजुरी वाचवून काही उरत नाही. म्हणून रेडिएटर, क्लच, स्प्रिंगचे पाटे अशी कामं श्रावण-भाद्रपदात काढा. दिवाळीनंतर कांद्याची आवक चढते तेव्हा गाडी तयार पाहिजे.

प्रश्न : जुन्या १६१३ ट्रकच्या ब्रेकची हवा रात्रभरात उतरते. बूस्टर (हवेच्या दाबानं ब्रेक लावणारा डबा) खोलून त्यातला डायफ्राम (रबरी पडदा) मी बदलू का?
– वाचक, अक्कलकोट रस्ता, सोलापूर

उत्तर : आधी गळती शोधा, बूस्टर नंतर. चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा, हवेची टाकी पूर्ण भरा, इंजिन बंद करून काटा बघा. ब्रेक न दाबता मिनिटाला ०.१५ बारच्या आत उतार चालेल. मग ब्रेक दाबून धरा आणि तोच काटा पुन्हा बघा. दाबल्यावरच जास्त उतरत असेल तर दोष चाकांकडच्या बूस्टरमध्ये, त्यांच्या होजमध्ये किंवा पेडलच्या फूट व्हॉल्व्हमध्ये. साबणाचं पाणी ब्रशनं प्रत्येक जोडाला लावत जा. जोडांना टेफ्लॉन टेप गुंडाळू नका, तिचे तुकडे व्हॉल्व्हमध्ये अडकतात. टाकीचं पाणी रोज काढा. पाण्याबरोबर काळं ऑइल निघत असेल तर कंप्रेसरच्या रिंगा गेल्या आहेत.

पुढच्या एक्सलचा साधा बूस्टर, म्हणजे ज्यात पार्किंगची स्प्रिंग नाही, त्याचा डायफ्राम हवा पूर्ण काढून बदलता येतो. मागच्या जोड बूस्टरच्या स्प्रिंगच्या भागाला मात्र हात लावू नका. आतली स्प्रिंग दाबून बसवलेली असते आणि पट्टा सुटला तर झाकण बंदुकीच्या गोळीगत सुटतं. यात माणसं मेली आहेत. तो भाग अख्खा बदलून घ्या, आणि जुना भंगारात देण्याआधी स्प्रिंग निकामी करून घ्यायला सांगा. गाडी ओढून न्यायला केजिंग बोल्ट कसून स्प्रिंग मागे घेतलीत तर गाडीला पार्किंग ब्रेक राहत नाही, ठोकळे त्याच्या आधी लावलेले असले पाहिजेत.

स्लॅक अॅडजस्टर (बूस्टरच्या दांड्याला जोडलेला, शूची फट लावायचा भाग) घरी लावता येतो : शू लागेपर्यंत आवळा, मग पाव ते अर्धा फेरा मागे. नंतर टाकी भरून, ब्रेक दाबून, बूस्टरचा दांडा किती बाहेर येतो ते पट्टीनं मोजा. डाव्या-उजव्या चाकांत फरक नसावा. ३० नंबर मापाच्या साध्या बूस्टरला ५१ मिलिमीटर ही शेवटची हद्द समजा, त्याच्या पुष्कळ आत ठेवा.

प्रश्न : हत्यारं घ्यायची तर आधी कोणती?
– आयटीआयचा विद्यार्थी, सोलापूर

उत्तर : पान्यांच्या मोठ्या पेटीआधी गाडीखाली सुरक्षित राहायची सोय करा. १० टनी बॉटल जॅक, दोन मजबूत घोड्या (गाडी टेकवायचे स्टँड), चार लाकडी ठोकळे. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. आपल्या काळ्या रानात, विशेषतः पावसानंतर, जॅक खाली रुततो आणि कलतो. त्याखाली दोन इंची जाड, हातभर रुंद फळी टाका, आणि जमेल तेव्हा काम सिमेंटच्या कोब्यावरच करा. टिपर असेल तर वर केलेल्या हौद्याला लोखंडी टेकू दिल्याशिवाय खाली वाकू नका.

नंतर ६ ते ३२ मिलिमीटरचे डबल आणि रिंग पाने, अर्धा इंची सॉकेट सेट, फिलर गेज (फट मोजायच्या पात्या), मल्टिमीटर, ग्रीस गन, टॉर्क पाना, याच क्रमानं. ग्रीस गन सर्वांत जास्त पैसे वाचवते, पण नीट वापरली तर. किंगपिनला (पुढचं चाक वळतं त्या पिनेला) ग्रीस भरताना पुढची बाजू उचला, नाहीतर वजन पेलणाऱ्या बाजूला ग्रीस पोचत नाही. शाफ्टच्या सांध्यातल्या क्रॉसला चारही वाट्यांतून जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत भरा. एका वाटीतून येत नसेल तर ती कोरडी चालली आहे.

प्रश्न : चार सिलिंडरच्या इंजिनाचे टॅपेट (व्हॉल्व्हची फट) स्वतः लावू का?
– वाचक, मंगळवेढा

उत्तर : जरूर. चुकलं तर आवाजावरून कळतं आणि पुन्हा लावता येतं. फटीचा आकडा आणि इंजिन थंड असावं की गरम, हे तुमच्या इंजिनाच्या पुस्तकातूनच घ्या. क्रम असा : चौथ्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी हलत असतील, म्हणजे एक मिटतोय आणि दुसरा उघडतोय, तेव्हा पहिल्याचे लावा. दुसऱ्याचे हलताना तिसऱ्याचे, पहिल्याचे हलताना चौथ्याचे, तिसऱ्याचे हलताना दुसऱ्याचे. लॉक नट कसल्यावर फिलर पुन्हा घालून बघा, कसताना फट बदलते.

प्रश्न : ऑइल भरायच्या झाकणातून भसाभस धूर येतो. इंजिन घरी उतरवून रिंगा टाकू का?
– वाचक, बार्शी

उत्तर : उतरवणं घरी होईल, पण मोजल्याशिवाय रिंगा टाकू नका. बोअर अंडाकृती झाला असेल तर नव्या रिंगा थोड्याच दिवसांत पुन्हा ऑइल पिऊ लागतात. ब्लॉक आणि क्रँक लेथवाल्याकडं न्या आणि बोअर गेजचे आकडे कागदावर लिहून मागा. क्रँक घासायचा झाला तर बेअरिंग त्याच अंडरसाइजचे (क्रँक जेवढा घासला तेवढ्या मापाचे) लागतात : ०.२५, ०.५०, ०.७५ किंवा १.०० मिलिमीटर. शेवटच्या मापाला पोचलेल्या क्रँकवर खर्च करू नका. वापरलेलं दुसरं इंजिन बसवणार असाल तर आधी आरटीओची परवानगी आणि नंतर आरसी बुकात नव्या नंबराची नोंद, दोन्ही हवंच. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीचं पासिंग दरवर्षी असतं आणि तिथं इंजिन नंबर पाहिला जातो.

प्रश्न : सुटी लोखंडी रिंग असलेल्या डिस्कचा टायर पंक्चर झाला तर रस्त्यात स्वतः खोलू का?
– वाचक, दक्षिण सोलापूर

उत्तर : नाही. स्टेपनी बदला आणि टायर दुकानात न्या. हवा असताना रिंग सुटली तर जीव जातो. म्हणून उघडण्याआधी व्हॉल्व्हची पिन काढून हवा संपूर्ण सोडायची असते आणि भरताना टायर लोखंडी पिंजऱ्यात ठेवायचा असतो. पिंजरा नसलेल्या दुकानात हवा भरून घेऊ नका. चाकाचे नट समोरासमोर, एकाआड एक कसा, आणि पन्नास ते शंभर किलोमीटर गेल्यावर पुन्हा कसा. काही जुन्या गाड्यांच्या डाव्या बाजूच्या स्टडला उलटे आटे असतात. नट जोर लावूनही सुटत नसेल तर पान्याला नळी लावण्याआधी स्टडच्या तोंडावर एल हे इंग्रजी अक्षर कोरलंय का ते बघा.